मौन कुठे सुटलं? सर थॉमस मोर, १५३२ ते १५३५

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायची पद्धत आहे. इथे झाकून उपयोग नाही. आठव्या हेन्रीला सहा बायका होत्या एवढं ज्याला ठाऊक आहे, तो चौथ्या ओळीत सगळ्यांना ओळखेल. म्हणून नावानिशी लिहितो. प्रश्न मात्र कुठल्याही कचेरीतल्या माणसाला पडावा असा आहे : सही करायची नाही, पण का करत नाही तेही सांगायचं नाही, हे किती दिवस निभतं? थॉमस मोरने ते तीन वर्षं निभावलं. तो हुतात्मा म्हणून पूजला जातो, पण मरायला निघालेला माणूस तो नव्हता. कायद्याच्या फटीत पाय रोवून जगू पाहणारा वकील होता. मला या प्रकरणात रस आहे तो त्यामुळेच.

पार्श्वभूमी

मोरचा जन्म १४७८ चा, लंडनचा. बाप वकील, पुढे न्यायाधीश. पोरगा लिंकन्स इनमध्ये, म्हणजे लंडनच्या वकिलांच्या संस्थेत, कायदा शिकला आणि १५१० मध्ये लंडन शहराचा अंडरशेरीफ झाला. हे न्यायदानाचं काम होतं. १५१६ मध्ये त्याचं ‘युटोपिया’ छापून आलं. त्यातला काल्पनिक प्रवासी हिंडत हिंडत आपल्या कालिकतपर्यंत येतो आणि तिथून पोर्तुगीज जहाजाने घरी जातो. पुस्तकाच्या पहिल्या भागात वाद चालतो तो वेगळ्याच गोष्टीवर : शहाण्या माणसाने राजाची चाकरी करावी का? प्रवासी म्हणतो, करू नये. कोणी ऐकत नाही, आणि आपणच बिघडतो. मोर नावाचं पात्र म्हणतं, वादळ आवरता येत नाही म्हणून कोणी जहाज सोडून जात नाही. जे नीट करता येणार नाही ते निदान कमी वाईट तरी करावं.

दोनेक वर्षांत मोर खरोखरच हेन्रीच्या चाकरीत शिरला. १५२१ मध्ये ‘सर’ झाला आणि १५२३ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सचा सभापती. सभापती होताना त्याने राजाकडे सभासदांसाठी एक मागणं मागितलं : सभागृहात जे बोलतील त्याबद्दल त्यांच्यावर राग धरू नये. बोलण्याच्या मोकळिकीची सभापतीने केलेली ही पहिली नोंदलेली मागणी मानली जाते. बारा वर्षांनी त्याच माणसाला न बोलण्याची मोकळीक हवी होती आणि ती मिळाली नाही.

२५ ऑक्टोबर १५२९ रोजी तो लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजाचा मुख्य न्यायाधिकारी, झाला. आधीचा चॅन्सेलर कार्डिनल वूल्सी, राजाचं पहिलं लग्न पोपकडून रद्द करून आणू शकला नाही म्हणून गडगडला होता. मोरचं मत राजाला माहीत होतं. राजाने तोंडी हमी दिली : आधी देवाकडे पाहा, मग माझ्याकडे, या बाबतीत तुझ्या मनाविरुद्ध तुला जुंपणार नाही. हमी तोंडी होती, हे पुढे वाचताना लक्षात असू द्या.

एक गोष्ट भक्तमंडळी हळूच गाळतात. मोर चॅन्सेलर असताना पाखंडाच्या आरोपावरून सहा जणांना जाळण्यात आलं, आणि त्यांतल्या काही प्रकरणांत त्याचा स्वतःचा हात होता. तो ते कर्तव्य समजत होता, लपवत नव्हता. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या कैदेत, ते त्याच्याच तोंडावर फेकलं गेलं.

पेच

१५ मे १५३२ रोजी इंग्लंडच्या धर्मगुरूंच्या सभेने राजापुढे मान तुकवली : राजाच्या परवानगीवाचून आम्ही चर्चचे नियम करणार नाही. दुसऱ्याच दिवशी मोरने राजमुद्रा परत केली. कारण दिलं प्रकृतीचं, छातीत दुखतं म्हणून. खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं.

घरी बातमी कशी दिली ते त्याच्या जावयाने, विल्यम रोपरने, लिहून ठेवलंय. चर्चमध्ये प्रार्थना संपली की मोरचा एक कारभारी बाईसाहेबांच्या बाकापाशी येऊन सांगायचा, ‘बाईसाहेब, साहेब गेले.’ राजीनाम्यानंतर मोर स्वतः टोपी हातात घेऊन बायकोपुढे उभा राहिला आणि तेच वाक्य म्हणाला. ॲलिसला वाटलं नेहमीची थट्टा. चॅन्सेलरसाहेब खरोखरच गेले होते, हे तिला मग कळलं. वर्षाला शंभर पौंडांच्या जरा वर उत्पन्न उरलं. नोकरचाकर दुसऱ्यांकडे लावून दिले, नाव नावाड्यांसकट नव्या चॅन्सेलरला देऊन टाकली.

राजीनामा दिला, गप्प बसलो, विषय संपला, असं होईल अशी त्याची अपेक्षा असावी. पण इतक्या नावाजलेल्या माणसाचं गप्प बसणं युरोपभर ऐकू जातं. राजाने पोपला न जुमानता ॲन बुलिनशी दुसरं लग्न केलं, आणि १ जून १५३३ रोजी तिचा राज्याभिषेक झाला. तीन बिशपांनी मोरला वीस पौंड पाठवले : नवा झगा शिवा आणि आमच्याबरोबर चला. त्याने पैसे घेतले आणि गेला नाही. वर सांगितलं, तुमच्या दोन विनंत्यांपैकी एक मी मानली, म्हणून दुसरी नाकारायला धीर आला.

१५३४ च्या सुरुवातीला केंटची जोगीण एलिझाबेथ बार्टन हिच्या प्रकरणात त्याला गुंतवायचा प्रयत्न झाला. राजाने दुसरं लग्न केलं तर त्याचं राज्य टिकणार नाही, असं भविष्य ती सांगत असे. मोर तिला भेटला होता, पण नंतर पत्र लिहून त्याने तिला बजावलं होतं की राजेरजवाड्यांच्या भानगडीत पडू नका. त्या पत्राची नक्कल त्याने ठेवली होती. ती पुढे केली आणि विधेयकातून नाव निघालं. कागद जपणारा माणूस असा तगतो. मुलगी मार्गारेट आनंदाने सांगायला आली, तर म्हणाला : मेग, लांबणीवर पडलंय, टळलेलं नाही.

मार्चमध्ये वारसा कायदा झाला. ॲनची मुलं गादीची वारस, आणि प्रजेने तशी शपथ घ्यायची. शपथ न घेणाऱ्याला मृत्यू नव्हता. राजाची मर्जी असेपर्यंत कैद आणि मालमत्तेची जप्ती, एवढीच शिक्षा होती. मोरच्या सगळ्या बेताचा पाया या फरकावर होता.

समोरचे पर्याय

सरळ शपथ घेणं हा पहिला. जवळजवळ साऱ्या देशाने तेच केलं.

दुसरा पर्याय मार्गारेटने घेतला : ‘देवाच्या कायद्यात बसेल तितकं’ अशी पुस्ती जोडून शपथ. लेकीला ते चाललं, बापाला चालेना. पण त्याने तिला त्याबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. मला हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. दुसऱ्याची सदसद्विवेकबुद्धी आपल्या गजाने मोजायची नाही, हे त्याने शेवटपर्यंत पाळलं. (चॅन्सेलर असताना पाळलं नव्हतं, हेही खरं.)

तिसरा, उघड विरोध. रॉचेस्टरचा बिशप जॉन फिशर त्या वाटेवर बराच पुढे गेला होता. मोरला ती वाट नको होती. आपणहून मरणावर धावून जाणं म्हणजे गर्व, आणि ऐन वेळी पाय लटपटले तर, असं तो म्हणे.

चौथा त्याचा स्वतःचा : वारस कोण ते पार्लमेंट ठरवू शकतं, तेवढ्याची शपथ घेतो. पण शपथेच्या मजकुरात पोपचा अधिकार आणि पहिलं लग्न यांबद्दल जे गुंफलंय त्याला हात लावणार नाही, आणि कारणही सांगणार नाही.

लॅम्बेथ, १३ एप्रिल १५३४

सकाळी चेल्सीच्या घरून निघताना एरवी बायकापोरं नावेपर्यंत पोचवायला येत. त्या दिवशी त्याने फाटक मागे ओढून घेतलं, कोणाला येऊ दिलं नाही. नावेत बराच वेळ गप्प होता. मग रोपरच्या कानात म्हणाला, देवाची कृपा, मैदान मारलं. जावयाला तेव्हा काही कळलं नाही.

लॅम्बेथला, आर्चबिशपच्या वाड्यात, आर्चबिशप क्रॅन्मर, नवा चॅन्सेलर ऑडली, राजाचा उजवा हात टॉमस क्रॉमवेल आणि वेस्टमिन्स्टरचा ॲबट (मठाधिपती) बसले होते. मोरने शपथेचा कागद मागितला, मग छापील कायदा मागितला, आणि दोन्ही शेजारी ठेवून मनातल्या मनात ताडून पाहिले. शपथेचा मजकूर कायद्याच्या पुढे गेला होता. मला इथे तोच जुना लंडनचा वकील दिसतो. पुढे तुरुंगात त्याने मुलीला सांगितलंही की ज्या शपथेसाठी मला कोंडलंय ती त्यांच्याच कायद्याला धरून नाही. नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटला त्या शपथेला मागाहून आधार देणारा वेगळा कायदा करावा लागला, यातच काय ते आलं.

नकार दिल्यावर त्याला जरा विचार कर म्हणून बाहेर पाठवलं. उकडत होतं, म्हणून तो बागेत न उतरता बागेवर उघडणाऱ्या एका जुन्या जळक्या खोलीत बसला आणि खिडकीतून बघत राहिला. लंडनच्या पाद्र्यांच्या शपथा भराभर उरकत होत्या. नव्या मताचा धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर मित्रांच्या गळ्यात हात टाकून हसत होता. क्रॉयडनचा व्हिकार (तिथला पाद्री) शपथ घेऊन आला आणि आर्चबिशपच्या कोठीत जाऊन त्याने प्यायला मागितलं. आनंदाने की घसा कोरडा पडला म्हणून, ते कळलं नाही, असं मोर मुलीला लिहितो.

परत आत बोलावल्यावर क्रॅन्मरने खरा पेच टाकला. शपथ घेणाऱ्यांना तू दोष देत नाहीस, म्हणजे ती पाप आहे याची तुला खात्री नाही. राजाची आज्ञा पाळावी याची मात्र खात्री आहे. मग खात्रीचं सोडून शंकेच्या मागे का जातोस? मोर कबूल करतो की हा मुद्दा एकदम आला आणि क्षणभर उत्तर सुचेना. मग म्हणाला, माझ्या स्वतःपुरती मला शंका नाही.

कारणं सांग, असा लकडा लागला तेव्हा त्याने देऊ केलं : राजाने लेखी अभय द्यावं, कारणं लिहून देतो. उत्तर आलं, राजाचं अभयपत्रही कायद्यापुढे टिकणार नाही. मोर म्हणाला, मग धोक्यावाचून कारण सांगताच येत नसेल, तर न सांगणं हा हट्ट कसा? समोरच्यांकडे याला उत्तर नव्हतं, फक्त अधिकार होता.

१७ एप्रिलला तो टॉवरमध्ये गेला. दारावरच्या शिपायाने रिवाजाप्रमाणे वरचं वस्त्र मागितलं. मोरने डोक्यावरची टोपी काढून दिली : हे घे, सगळ्यात वरचं हेच आहे.

टॉवरमधले चौदा महिने

ॲलिस भेटायला आली ती तडतडत. एवढा शहाणा म्हणवणारा माणूस उंदरांच्या संगतीत या कोंदट खोलीत पडलाय. चेल्सीला छान घर, पुस्तकं, बाग आहे. देशातल्या मोठमोठ्या विद्वानांनी केलं ते केलं की सुटका. तो म्हणाला, हे घर स्वर्गापासून आपल्या घराइतकंच जवळ नाही का? या बाईची बाजू कोणी धड मांडत नाही. घर तिला चालवायचं होतं.

नोव्हेंबर १५३४ मध्ये राजा चर्चचा सर्वोच्च प्रमुख असल्याचा कायदा झाला. १ फेब्रुवारी १५३५ पासून नवा राजद्रोह कायदा लागू झाला : राजाची पदवी ‘द्वेषबुद्धीने’ शब्दांनीसुद्धा नाकारणं म्हणजे मृत्यू. बोललात तर मेलात. म्हणून मोर बोलेना. आपल्याकडे ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणतात. रोमन कायद्याच्या अभ्यासकांतही अगदी तेच वचन आहे, आणि मोर त्यावर विसंबून होता.

३ जूनच्या चौकशीत क्रॉमवेलने जुनं खातं उघडलं. तू चॅन्सेलर होतास तेव्हा पाखंडी लोकांना पोपबद्दल हो की नाही असं स्पष्ट उत्तर द्यायला लावत होतास ना? मग राजाने तुला का लावू नये? मोर म्हणाला, तेव्हाची गोष्ट साऱ्या ख्रिस्ती जगाने मानलेली होती, ही एका देशापुरती आहे. क्रॉमवेल म्हणाला, ते नाकारलं म्हणून लोक जळाले, हे नाकारलं म्हणून मुंडकी उडतात, फरक काय? मोरने उत्तर दिलं, फरक मुंडकं आणि जाळ यांत नाही, मुंडकं आणि नरक यांत आहे. हजरजबाबी आहे, पण माझ्या मते त्या फेरीत क्रॉमवेल जिंकला.

१२ जून

त्या दिवशी सॉलिसिटर जनरल, म्हणजे राजाचा सरकारी वकील, रिचर्ड रिच दोन माणसं घेऊन आला. काम : कैद्याची पुस्तकं आणि लिहिण्याचं सामान उचलणं. माणसं पुस्तकं पोत्यात भरत होती आणि रिच गप्पा मारायला लागला. समजा, पार्लमेंटने मला राजा केलं तर मानाल? मोर म्हणाला, मानेन. समजा, पोप केलं तर? मोरने उलट घातलं : समजा, पार्लमेंटने कायदा केला की देव हा देव नाही, तर तुम्ही मानाल? रिच म्हणाला, असा कायदा पार्लमेंट करूच शकत नाही.

इथपर्यंत फारसा वाद नाही. पुढचं एक वाक्य मोर म्हणाला का, यावर त्याचं डोकं गेलं. रिचच्या म्हणण्याप्रमाणे मोर म्हणाला की तसंच पार्लमेंट राजाला चर्चचा प्रमुखही करू शकत नाही.

खटला आणि निकाल

१ जुलै १५३५, वेस्टमिन्स्टर हॉल. न्यायासनावर बसलेल्यांत ॲनचा बाप, भाऊ आणि मामा नॉर्फोक होते, क्रॉमवेलही होता. आरोप चार. पहिला, मौनाचा : मौन नकाराचं लक्षण नाही, संमतीचं आहे, हे मोरने त्यांच्याच वचनाने दाखवलं. फिशरशी पत्रव्यवहाराचा आणि ‘हा कायदा दुधारी तलवार आहे’ या वाक्याचा, हे आरोपही तग धरेनात. उरला रिच.

मोर साक्षीदाराला ओळखत होता. दोघं एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एकाच चर्चच्या वस्तीत, राहिले होते. हा माणूस जिभेचा सैल आणि फाशांचा शौकीन, त्याला मी असं गुपित सांगेन? तुझ्या खोट्या शपथेचं मला माझ्या जिवाच्या धोक्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. शिवाय, वकिलांनी एकमेकांपुढे टाकलेली ‘समजा’ची उदाहरणं म्हणजे द्वेषबुद्धी नव्हे. पोत्यात पुस्तकं भरणाऱ्या दोघांना बोलावलं, तर ते म्हणाले, आम्ही कामात होतो, बोलण्याकडे लक्ष नव्हतं. खोटं बोलायची तयारी नव्हती आणि खरं बोलायचीही. पंधरा मिनिटांत ज्यूरी परतली : दोषी.

ऑडली शिक्षा वाचायला लागला तेव्हा मोरने त्याला अडवलं. मी वकिली करत होतो तेव्हा शिक्षेआधी आरोपीला काही म्हणायचंय का, असं विचारत असत. मग त्याने प्रथमच मन मोकळं केलं : देवाच्या कायद्याविरुद्धचा हा कायदा मला बांधत नाही, आणि मॅग्ना कार्टा या राजाच्या जुन्या सनदेमध्ये चर्चला दिलेल्या वचनाचंही ते उल्लंघन आहे.

परिणाम

६ जुलैला टॉवर हिलवर शिरच्छेद झाला. मचाणाच्या पायऱ्या डुगडुगत होत्या. टॉवरच्या लेफ्टनंटला म्हणाला, वर चढताना तेवढा हात द्या, उतरायचं माझं मी बघेन. आदल्या दिवशी कोळशाने मुलीला पत्र लिहिलं होतं. खटल्यानंतर ती शिपायांची रांग मोडून त्याच्या गळ्यात पडली होती, आणि तुझं ते वागणं मला सगळ्यात जास्त आवडलं, असं त्यात आहे.

क्रॉमवेलचं डोकं १५४० मध्ये त्याच टेकडीवर उडालं, तेही खटल्यावाचून. रिच पुढे लॉर्ड चॅन्सेलर झाला आणि १५६७ पर्यंत जगला. मोर १९३५ मध्ये फिशरबरोबर संत झाला, आणि २००० मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी त्याला राजकारण्यांचा पालक संत ठरवलं.

या कायद्यांचा एक ओघ आपल्यापर्यंतही आला. ॲनची मुलगी राणी एलिझाबेथ हिने राजसत्तेचा चर्चवरचा अधिकार पुन्हा बसवला आणि कितीतरी इंग्लिश कॅथलिक परागंदा झाले. त्यांच्यातला थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला. १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं त्याचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं?

सगळ्यात स्वस्त सुटका राजाच्या हातात होती. लॅम्बेथनंतर चारच दिवसांनी क्रॅन्मरने क्रॉमवेलला सुचवलं की मोर आणि फिशर यांच्याकडून फक्त वारसाहक्काची शपथ घ्यावी. बाहेर तेवढंच सांगता येईल. राजा म्हणाला, मग सगळेच तसं मागतील. त्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. पण मोरचं डोकं उडवून त्याने जे मिळवलं त्याहून क्रॅन्मरची वाट नक्कीच फायद्याची होती.

मोरच्या बाजूने पहिली चूक मला १५२९ ची वाटते. राजाच्या मनातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याला पटत नाही हे माहीत असताना, केवळ तोंडी शब्दावर सगळ्यात मोठं पद घेतलं. त्याच्याच पुस्तकातला प्रवासी हसला असता. राज्याभिषेकाबद्दल मात्र मी त्याला दोष देत नाही. गेला असता तर पुढची शपथ नाकारायला तोंड उरलं नसतं.

दुसरी चूक त्याने दुसऱ्यांच्या बाबतीत केली. माणसाला शपथेवर स्वतःविरुद्ध बोलायला लावायचं नाही, हे तत्त्व त्याने चॅन्सेलर असताना मानलं असतं तर ३ जूनला क्रॉमवेलला उत्तर देता आलं असतं. आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्ये आज ते सरळ लिहिलेलं आहे.

आणि १२ जून. आम्ही अशिलाला सांगतो, विचारलं तेवढंच बोला, आणि पोलिसांशी तर हवापाण्याचंही बोलू नका. मोरला हे माझ्याहून चांगलं कळत होतं. सॉलिसिटर जनरल समोर आहे, तो कसला माणूस आहे हे माहीत आहे, तरी बोलला. त्याला राग नव्हता आला, भीतीही नव्हती. जेवणानंतर लिंकन्स इनमध्ये तरुण वकील एकमेकांपुढे ‘समजा’ची प्रकरणं टाकत आणि ती सोडवत बसत. रिचने त्याला नेमकं तेच देऊ केलं. चौदा महिने एकट्याने काढलेल्या माणसासमोर कोणीतरी त्याच्या धंद्याचा एक कूट प्रश्न ठेवला, तो सुद्धा शेजारी त्याची पुस्तकं पोत्यात जात असताना. ‘पुस्तकं न्या’ एवढं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं असतं तर कदाचित आणखी काही महिने मिळाले असते. रिचला मग सगळं संभाषण नव्याने रचावं लागलं असतं, आणि त्यालाही तो तयार झाला नसता असं नाही.

पुस्तकं गेल्यावर मोरने खिडकीची दारं लावून घेतली आणि अंधारात बसला, असं सांगतात. पहारेकऱ्याने विचारलं, हे काय? तर म्हणाला, माल उचलला, मग दुकानाच्या फळ्या लावायला नकोत?